टिअर आणि टेअर

लातूर
सोमवार, ७ जुलै २०२५

वर्षाराणी,

आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. माझा आशीर्वाद तुला हवा आहे का हे ठाऊक नसताना तो लिहिणं बरं वाटलं नाही. म्हणून वर एक ओळ मोकळी सोडली आहे.

तू फोन उचलत नाहीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पत्राचं एक बरं असतं, त्याला लगेच उचलावं लागत नाही. ते पडून राहतं. माणसाला वाटेल तेव्हा वाचता येतं, नाही वाटलं तर नाही.

संगमेश दर रविवारी फोन करतो. जेवलीस का, बीपीची गोळी घेतली का, नळ आला का. मी तिन्हीला हाव म्हणते आणि फोन संपतो. काल मात्र त्याच्या तोंडून निसटलं. तुझ्या गुडघ्याला परत सूज आहे, डॉक्टरांनी परत एमआरआय करायला सांगितलाय, दुसरं ऑपरेशन लागलं तर लागेल. एवढं बोलून गेला. मग म्हणाला, "आई, मी तुला सांगितलं हे तिला सांगू नको." बघ, मी लगेच सांगून बसले. तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही असं ठरवून बसले आहे, आणि पहिल्या पानालाच पोराला अडकवलं.

मला एकच विचारायचं आहे. तुला आई नाही. ऑपरेशन झालंच तर दवाखान्यात तुझ्याजवळ बाईमाणूस कोण राहणार? संगमेश जीव लावील, पण काही कामं पुरुषाची नसतात. तुझ्या भावाची, हरिओमची बायको हदगावहून येणार म्हणलं तर सोयाबीन, लेकरं, म्हशी. मला येऊ देशील का? मी खाली चटई टाकून झोपीन. माझं जेवण मी बघीन. बोलायचं नसलं तर बोलू नको.

पण त्याच्या आधी मला खुलासा करायचा आहे. तो मी कधी केला नाही. संगमेशनं माझ्या पेटीतला तुझ्या पहिल्या एमआरआयचा रिपोर्ट काढून माझ्यापुढं धरला, "टेअर म्हणजे फाटणं, आई" म्हणाला, तेव्हा मी फक्त एवढंच म्हणले की आमच्या पुस्तकात टिअर म्हणजे अश्रू होतं. त्यानं रिपोर्टची घडी घातली, खिशात ठेवला. पुढच्या महिन्यात नांदेडला खोली बघितली.

ते खरंच होतं, वर्षा. दहावीला आमच्या बाईंनी फळ्यावर लिहून दिलं होतं. टी-ई-ए-आर, टिअर, अश्रू. शंभर वेळा लिहिलं होतं मी. किल्लारीकडच्या आमच्या गावात इंग्रजीत पास झालेली मुलगी मी एकटीच. लग्न होऊन इथं आले तर बँकेचा कागद असो, लाइट ऑफिसचा असो, हे म्हणायचे, जगदेवीला द्या, ती वाचती. हे गेल्यावर पण ते काम माझ्याकडेच राहिलं. तू बीए झालेली, तरी कागद आला की तू माझ्याच हातात द्यायचीस. मान देत होतीस.

तर त्या दिवशी मी रिपोर्ट वाचला, त्यात टी-ई-ए-आर दिसलं, आणि मला वाटलं मशीनला तुझ्या गुडघ्यात काही सापडलं नाही, नुसतं रडणं सापडलं. अडाणीपणाची चूक झाली. एवढाच माझा खुलासा.

ह्या वर्षी लोणचं घातलं नाही. एका माणसाचं लोणचं कसं घालायचं ते मला येत नाही. नळ आला की दोन घागरी पुरतात. पाणी वाहू देणं मला जमत नाही, म्हणून राहिलेलं पाइप टाकून शेजारच्या पंचफुलाबाईच्या टाकीत सोडते. ती म्हणती, "अक्का, आमच्या टाकीला तुमच्यामुळं माहेर मिळालं."

उत्तर आलं नाही तरी चालेल. पण येऊ का, एवढं कळव.

जगदेवी


लातूर
सोमवार, २१ जुलै २०२५

वर्षाराणी,

दोन आठवडे झाले. पोस्टमन दोनदा आला. एकदा पंचफुलाबाईकडे, एकदा चुकून.

ह्या मधल्या काळात मी एक काम केलं. ते सव्वा वर्षापूर्वीच करायला पाहिजे होतं. ईश्वरप्पा सरांकडे गेले. गल्लीच्या टोकाला राहतात, आपल्यापासून तिसरं घर, तुला आठवत असतील. रिटायर झालेत, पण शिकवायची खाज गेलेली नाही. सकाळी लिंगपूजा आटोपली आणि ओले केस तसेच बांधून गेले. म्हणले, सर, टी-ई-ए-आर म्हणजे काय?

सर हसले. म्हणाले, "कोणतं टी-ई-ए-आर, अक्का? ते दोन हायेत."

त्यांनी एक जाड डिक्शनरी काढली, तिची शिवण सुटलेली, दोरीनं बांधून ठेवलेली. मला वाटलं होतं की शब्द एक आणि अर्थ दोन, आपल्याकडं माळ म्हणजे गळ्यातली पण आणि रानातला पण, तसं. सर म्हणाले, तसं नाही. शब्दच दोन. स्पेलिंग एक आहे एवढंच. एक टिअर, डोळ्यातला. दुसरा टेअर, फाडायचा. बोलताना वेगळे, लिहिताना जुळे. आणि त्यांच्या आया वेगळ्या. सख्खे तर सोडाच, चुलत पण नाहीत. दोन गावांतून दोन माणसं आली आणि एका दारावर एकच पाटी लावून राहिली, असं त्यांनी समजावलं.

मग ते मागं मागं जात राहिले. डोळ्यातल्या टिअरचं आपल्या अश्रूशी फार लांबचं नातं असावं असं पंडित म्हणतात, पण त्याच्यात वाद आहेत. फाडायच्या टेअरचं मात्र नक्की. जुन्या इंग्रजीत तो 'तेरान' होता. आणखी मागं गेलं की तो आणि आपल्या संस्कृतातला 'दृ' एकाच मुळाचे. मी लगेच म्हणले, दृष्टीतला? सर म्हणाले, "न्हाई न्हाई. तो दृश्. सारखं दिसलं म्हणून सारखं धरू नका, अक्का. तीच तर गोची झाली ना तुमची."

बघ, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

ह्या दृचा अर्थ फाडणं, चिरणं. त्याच्यातून विदारण झालं, विदीर्ण झालं. कीर्तनात म्हणतात ना, हृदय विदीर्ण झालं, ते. आणि दरी. डोंगरातली दरी म्हणजे फाटलेली जागा. मी खुर्चीवर बसूनच राहिले. इंग्रजाचा टेअर आणि आपली दरी एका रक्ताची. आपण म्हणतो, अमक्यातमक्यात दरी पडली. तुझ्या गुडघ्यात जे झालं होतं आणि आपल्या घरात जे झालं, त्याला त्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी एकच नाव देऊन ठेवलं होतं.

मी जमीन फाटलेली बघितलेली बाई आहे. भूकंप झाला तेव्हा मी माहेरीच होते. आमच्या अंगणात भेग पडली होती, हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. बाबांच्या घरातला एक कागद शिल्लक राहिला नाही. ना जन्माचा दाखला ना सातबारा. तेव्हापासून मी कुठलाच कागद टाकत नाही, सगळं पेटीत. तुझा रिपोर्ट पेटीत गेला तो त्याच सवयीनं. तू दोनदा मागितलास, मी म्हणले खाली गेलाय, काढीन सावकाश.

येताना सरांच्या बायकोनं विचारलं, सून कशी आहे? मी म्हणले, बरी आहे. मला काय ठाऊक.

सरांकडून निघाले तेव्हा मला हलकं वाटत होतं, हे कबूल करते. वाटलं, चला, चूक माझी एकटीची नाही, थोडी इंग्रजीची पण आहे. दोन वेगळ्या शब्दांना एकच कपडा घालून बसवलं तर दहावी पास बाईनं काय करावं? हे तुला लिहिलं की तुझा राग थोडा इंग्रजीवर जाईल, असं मनात आलं.

सूज कशी आहे ते संगमेशनं ह्या रविवारी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "नळ आला का?"

जगदेवी


लातूर
श्रावण सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

वर्षाराणी,

आज सकाळी पूजेला बसले आणि उठले. पूजा झाली नाही. डाव्या तळहातावर लिंग घेतलं, नजर स्थिर करायला गेले, तर मला फक्त तळहातच दिसत राहिला. ह्याच हातानं मी तुझा रिपोर्ट पेटीत ठेवला होता. लिंग परत करडगीच्या डबीत ठेवलं, डबी गळ्यात घातली आणि लिहायला बसले. आधी हे, मग पूजा.

मागच्या दोन पत्रांत मी तुला खरं सांगितलं नाही. खोटंही लिहिलं नाही. जेवढं सोयीचं तेवढं लिहिलं.

झालं असं की मला तुझ्या रिपोर्टची तारीख पत्रात नीट लिहायची होती. म्हणून मागच्या साली ठेवलेली माझी वही काढली. तुला ठाऊक आहे मी रोजचं लिहून ठेवते, आणि कुठलं पाकीट कधी फोडलं ते पण लिहिते, म्हणजे किती दिवस गेलं ते कळतं. तू हसायचीस, म्हणायचीस, "आत्या, तिखटाची पण जन्मतारीख असती का?"

१४ मार्च २०२४, गुरुवार. माझ्याच अक्षरात आहे. पहिली ओळ, 'वर्षाचा रिपोर्ट आणला. काही नाही.' त्याच्या खालची ओळ, 'तिखटाचं पाकीट फोडलं.'

मी उठले, स्वयंपाकघरात गेले. रिकामी पाकिटं मी धुऊन ठेवते, बियाणं घालायला. एक हातात घेतलं. कोपऱ्यात तुटक रेघ, कात्रीचं चित्र, आणि बारीक अक्षरात इंग्रजी. टी-ई-ए-आर. हिअर. वीस वर्षं मी त्या रेघेवरच पाकीट फाडते. कधी थांबून विचार केला नाही की तिखटवाला इथं अश्रू का म्हणतोय. हाताला अर्थ ठाऊक होता. त्या गुरुवारीसुद्धा, चष्मा नाकावर ठेवून तुझा रिपोर्ट वाचून झाला, 'नुसतं रडणं लिहिलंय' असं तुला सांगून झालं, आणि मी आत जाऊन तेच अक्षर फाडलं आणि आमटीत तिखट घातलं.

अजून आहे. रिपोर्टात त्या शब्दाच्या आधी एक शब्द होता. कम्प्लीट. हा मला येतो. कम्प्लीट म्हणजे पूर्ण. पूर्ण अश्रू असं काही असतं का? मला तेव्हाच खटकलं होतं, वर्षा. तेव्हाच. ईश्वरप्पा सर तिसऱ्या घरात होते. शनिवारी डॉक्टरांनी रिपोर्ट घेऊन बोलावलं होतं. दोन्ही ठिकाणी मी जाऊ शकत होते. मी तुला म्हणले, रिपोर्टात काही नाही, शनिवारी कशाला जायचं, कुरडयाचा गहू भिजत घातलाय.

तू एवढंच म्हणालीस, "आत्या, पाय आतून निसटतो."

मी म्हणले, "पाय न्हाई निसटत. कामातून मन निसटतं."

आणि कुरडया घालायला बायका जमल्या तेव्हा मी मोठ्यानं सांगितलं की आमच्या सुनेला मशीननं टिअर काढलाय, डोळ्याचं पाणी गुडघ्यात उतरलंय. सगळ्या हसल्या. कुणीतरी 'टिअरबाई' म्हणलं. तू पिठाचं पातेलं घेऊन जिन्यात होतीस, अकराव्या पायरीवर. तू थांबलीस, भिंतीला हात लावलास, आणि परत चढायला लागलीस. एकूण बावीस पायऱ्या आहेत. मी मोजल्यात, तू गेल्यावर.

का केलं ते सांगते. हे कुणालाच सांगितलेलं नाही, पंचफुलाबाईला पण नाही.

तू पडून गुडघ्याला लागलं, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी बाहेरून आले. दार लोटलेलं होतं. संगमेश खाली बसला होता, तुझा पाय त्यानं मांडीवर घेतला होता आणि तेल चोळत होता. तू डोळे मिटले होतेस. मी चप्पल हातात घेऊन परत पायरीवर जाऊन बसले. संगमेशचे वडील वाईट माणूस नव्हते. सत्तावीस वर्षं संसार केला, कधी हात उचलला नाही. पण माझा पाय कुणी कधी मांडीवर घेतला नाही. संगमेशच्या वेळी पाय सुजून केळीच्या बुंध्यासारखे झाले होते, तरी मी पहाटे पाणी भरलं. मला वाटलं, हिला काय झालंय असं? मला असं वाटत होतं, आणि मग तो कागद माझ्या हातात आला, आणि त्याच्यात मला पाहिजे तो शब्द सापडला.

दोन शब्द होते. मी माझ्या सोयीचा घेतला. सरांनी सांगितलं ते सगळं खरं आहे, पण ते माझ्या कामाचं नाही. इंग्रजीवर घालायला गेले होते, ते परत घेते.

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे की चार महिने तसंच वापरल्यानं आतली गादी पण झिजली. संगमेशनं हे मला वर्षभर सांगितलं नाही. मीच एकदा हरिओमला फोन करून काढून घेतलं. तो म्हणाला, "मावशी, आता विचारून काय फायदा?" आणि फोन ठेवला नाही, माझ्या उत्तराची वाट बघत राहिला. फोन मीच ठेवला.

येऊ का, असं मी पहिल्या पत्रात विचारलं होतं. तेव्हा तुला पूर्ण ठाऊक नव्हतं की कोण विचारतंय. आता ठाऊक आहे. म्हणून तो प्रश्न मी परत घेते. वाटलं तर तूच विचार. नाही विचारलंस तर मी समजून जाईन, आणि त्यात तुझं काही चुकलं असं मी कुठं बोलणार नाही.

आता पूजेला बसते.

जगदेवी


लातूर
बुधवार, १३ ऑगस्ट २०२५

वर्षा,

परवा तुझा लिफाफा आला. सोमवार होता, उपास होता. पोस्टमन म्हणाला, "मावशी, ह्या वेळेस तुमचंच हाय." मी लिफाफे कधी फाडत नाही, वाफ देऊन उघडते, परत वापरता येतात. हा उभ्या उभ्या फाडला. दाराच्या उंबऱ्यावरच.

आत नव्या एमआरआयच्या रिपोर्टची झेरॉक्स. आणि वहीच्या चिठोऱ्यावर तुझं अक्षर. 'आत्या, पुढच्या बुधवारी डॉक्टरकडं जायचंय. हे वाचून सांगा.' बाकी काही नाही. मागं पण बघितलं, काही नव्हतं.

तू बीए आहेस. संगमेश तिथं आहे, त्याच्या मोबाइलमध्ये सगळ्याचे अर्थ निघतात. तरी हे माझ्याकडं का पाठवलं, हे मी दोन दिवस विचारते आहे. आता विचारणं सोडलं. तू वाचायला सांगितलंस, मी वाचलं.

कसं वाचलं ते सांगते. आधी एकटीनं वाचलं आणि प्रत्येक शब्दापुढं मला वाटणारा अर्थ पेन्सिलनं लिहिला. मग कागद घेऊन ईश्वरप्पा सरांकडे गेले. सर म्हणाले, द्या, मी पटकन सांगतो. मी म्हणले, तुम्ही सांगू नका, मी सांगते, चुकलं तिथं थांबवा. त्यांनी पाच ठिकाणी थांबवलं. ते पाच अर्थ पेनानं लिहिलेत, म्हणजे माझे कुठले आणि सरांचे कुठले ते तुला दिसेल.

ग्राफ्ट म्हणजे कलम, झाडाचं करतात तसं. तुझ्या पायात नवीन बसवलेली दोरी. त्याच्यापुढं इन्टॅक्ट आहे. इन्टॅक्ट म्हणजे शाबूत.

माइल्ड म्हणजे थोडं. इफ्यूजन म्हणजे पाणी साचणं. गुडघ्यात थोडं पाणी आहे. हे खरं पाणी आहे, वर्षा. मशीनला दिसलेलं. सूज त्याचीच असावी, असं सर म्हणतात, पण सर डॉक्टर नाहीत.

नो म्हणजे नाही. एव्हिडन्स म्हणजे पुरावा. ऑफ सोडून दे. रि-टेअर. 'रि' म्हणजे परत. टेअर म्हणजे फाटणं. हा टेअरच आहे, टिअर नाही. सरांना तीन वेळा विचारलं, मोठ्यानं म्हणून घेतलं, आणि घरी येऊन तिखटाच्या पाकिटाशी अक्षर लावून बघितलं. परत फाटल्याचा पुरावा नाही, असं लिहिलं आहे.

त्याच्या खालच्या ओळीत मेनिस्कस असा एक शब्द आहे आणि त्याच्यापुढं लांबलचक दोन शब्द. मेनिस्कस म्हणजे ती आतली गादी असावी. पुढचे दोन मला येत नाहीत. सरांच्या डिक्शनरीत पण सापडले नाहीत. सर अंदाजानं काहीतरी सांगत होते, मी लिहून घेतलं नाही. त्या दोन शब्दांपुढं मी जागा मोकळी सोडली आहे. तिथं डॉक्टरांकडून लिहून घे.

मूळ कागद तुझ्याकडंच ठेव. ही झेरॉक्स पण मी ठेवून घेत नाही, सोबत परत पाठवते आहे. पेटी रिकामी केली, तिच्यात आता ज्वारी आहे.

मी वाचलं ते बरोबर असेल असं मला वाटतं. पण माझ्या वाचण्यावर बुधवार चुकवू नकोस.

जगदेवी